आधी गिऱ्हाईक, मग पेटी: प्रभागात चक्राकार अर्थव्यवस्था उभी करताना कामाचा क्रम

सोसायटीच्या गेटवर कचरा वेगळा गोळा करायची नवी पेटी येते, फीत कापली जाते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी तीच पेटी भरून वाहत असते आणि सकाळच्या घंटागाडीत सगळं एकत्र जात असतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत प्रभाग पातळीवरच्या कामात बरीच वर्षं हात घातल्यावर मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता पेटी दिसली की पहिला प्रश्न तोंडात येतो: यातला माल घेणार कोण?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर नसतं. लोकांची इच्छा असते, पैसाही मिळतो, पण क्रम उलटा असतो. आधी जनजागृती, मग पेट्या, मग जागा, मग ठेकेदार आणि सगळ्यात शेवटी ‘आता याचं करायचं काय?’ चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा वापरात आणणं, आणि ते करायचं असेल तर हा क्रम शेवटाकडून सुरू करावा लागतो.

हे टप्पे नगरसेवक, विभाग कार्यालयातले अधिकारी, स्वच्छता निरीक्षक आणि सोसायट्यांच्या फेडरेशनसाठी आहेत. एकही टप्पा गाळू नका आणि मागेपुढेही करू नका.

## तयारी: पहिल्या बैठकीआधी

चार गोष्टी हाताशी हव्यात: विभागाचा नकाशा, घंटागाड्यांचे मार्ग आणि वेळा, विभागातल्या मोठ्या कचरा उत्पादकांची यादी, आणि चालू असलेल्या सफाई व वाहतूक ठेक्यांच्या प्रती. ठेक्याची प्रत नीट वाचा. ‘विभागातला सर्व कचरा उचलणे’ असा शब्दप्रयोग तिथे असेल, तर वेगळ्या केलेल्या मालावर जुना ठेकेदार हक्क सांगू शकतो. हे काम सुरू झाल्यावर कळलं, तर सगळं महिनोन्‌महिने अडकतं.

पाचवी गोष्ट म्हणजे वर्षाचं कॅलेंडर. महापालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. तुमची मागणी खात्याच्या यादीत नोव्हेंबरपर्यंत गेली नाही, तर एप्रिलमध्ये हातात काही पडत नाही. गणपतीत निर्माल्य, दिवाळीआधी कपडे आणि जुनं सामान, उन्हाळ्यात शहाळी, जूनपासून चार महिने सगळं ओलं. काम कुठल्या महिन्यात सुरू करायचं हे यावरून ठरवा. ओल्या कचऱ्याचं खत जूनमध्ये सुरू करू नका. पहिलाच ढीग भिजेल, वास सुटेल आणि शेजारची इमारत कायमची विरोधात जाईल.

## टप्पा १: एक विभाग, एक प्रवाह

नवी मुंबईत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. ठाण्यात प्रभाग समित्या आहेत. यातला एकच निवडा. त्या विभागातला प्रवाहही, म्हणजे कचऱ्याचा प्रकारही, एकच निवडा: ओला कचरा, किंवा कपडे, किंवा डेब्रिज (बांधकाम-पाडकामाचा राडारोडा), किंवा शहाळी. ‘सर्वंकष’ योजना कागदावर छान दिसते, पण प्रत्येक प्रवाहाचं गिऱ्हाईक वेगळं, यंत्र वेगळं, जागा वेगळी आणि भांडणंही वेगळी.

निवड करताना विभागाचा स्वभाव पाहा. तुर्भे-वाशी पट्ट्यात एपीएमसीचा भाजीपाला आणि फळबाजार आहे, तिथे ओला कचरा एका जागी आणि बऱ्यापैकी निर्भेळ मिळतो. नौपाड्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, तिथे डेब्रिज. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत कपडे आणि सुका कचरा. वागळे इस्टेटच्या गाळ्यांमधून पॅकिंगचं लाकूड आणि पुठ्ठा.

थांबा: ई-कचरा, रंगाचे डबे, बॅटऱ्या, औषधं हा पहिला प्रवाह म्हणून घेऊ नका. त्याला अधिकृत पुनर्प्रक्रियाकार लागतो. तो साठवायची जोखीम विभाग कार्यालयाने घ्यायची नसते.

## टप्पा २: आठ दिवसांची मोजणी

इथे घाई होते आणि पुढची सगळी गणितं इथेच चुकतात. ‘माणशी इतके ग्रॅम’ असा आकडा घेऊन लोकसंख्येने गुणणं म्हणजे मोजणी नव्हे. वजनकाट्यावर उभं राहावं लागतं.

सलग आठ दिवस मोजा, म्हणजे एक वार दोनदा येतो आणि तपासता येतं. रविवारचा कचरा मंगळवारच्या कचऱ्यासारखा नसतो. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतला आणि पाम बीचच्या टॉवरमधला तर अजिबात नसतो. मोजणीत दोन्ही प्रकारची वस्ती हवी.

गाडीचं एकूण वजन पुरेसं नाही, आत काय आहे तेही कळायला हवं. त्यासाठी गाडी ताडपत्रीवर उलटी करा. ढीग फावड्याने एकसारखा मिसळा आणि त्याचे चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग बाजूला टाका, उरलेले दोन पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग करा. पन्नास ते शंभर किलोचा नमुना उरेपर्यंत हे करत राहा. मग तो हाताने निवडा आणि प्रत्येक प्रकार वेगळा तोला. निवडणाऱ्यांना हातमोजे, बूट, मास्क आणि धुवायला साबण-पाणी द्या. यासाठी कचरावेचक महिलांना पूर्ण दिवसाची मजुरी देऊन बोलवा. कुठला प्लास्टिकचा तुकडा विकला जातो आणि कुठला नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं.

नोंदवहीत तारीख, मार्ग, गाडी क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि प्रकारवार वजन असं सगळं लिहा. बादलीचं वजन वजा करायला विसरू नका. ही चूक मी एकदा केली आहे आणि तिने आठ दिवसांची मेहनत वाया घालवली.

डेब्रिजची मोजणी अशी होत नाही. ते घंटागाडीत येतच नाही, रात्री डंपरने खाडीकिनारी जातं. ते मोजायचं कागदावरून: नगररचना विभागाकडे पाडकाम आणि पुनर्विकासाच्या परवानग्या, विभाग कार्यालयाकडे दुरुस्तीची पत्रं, सोसायट्यांकडे घराचं नूतनीकरण करणाऱ्या सभासदांचे अर्ज. टाइल्स आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा हा घरगुती माल छोटा वाटतो, पण वर्षभर न थांबता येत राहतो.

तपासणी: आठ दिवसांचे आकडे समोर ठेवा. पहिल्या आणि आठव्या दिवशी वार एकच आहे. त्या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. मोजणी कोरड्या दिवसांत केली असेल तर पावसाळ्यात दोन दिवस पुन्हा करा.

## टप्पा ३: माल घेणारा शोधा

आकडा हातात आल्यावर पेट्यांची ऑर्डर देऊ नका. आकडा घेऊन गिऱ्हाईकाकडे जा.

खताचं उदाहरण घेऊ. समजा मोजणीत रोज एक हजार किलो चांगला ओला कचरा आला. खत होताना पाणी उडतं, कुजण्यात बराच भाग जातो आणि वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के खत उरतं. म्हणजे महिन्याला साडेचार ते साडेसात टन. एवढं खत दर महिन्याला कोण उचलणार? उद्यान विभागाची मागणी मे-जूनमध्ये लागवडीआधी उसळते आणि नंतर ओसरते, तुमचा कचरा मात्र बाराही महिने येतो. म्हणून उद्यान विभागाबरोबरच दुभाजकांच्या देखभालीचे ठेकेदार, खासगी रोपवाटिका, मोठ्या सोसायट्यांच्या बागा आणि मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी अशी तीन-चार दारं उघडी हवीत. राज्यात शहरी खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव आहे. ते वापरायचं असेल तर खत नियंत्रण आदेशाच्या निकषांत बसायला हवं: कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० च्या खाली, ओलावा १५ ते २५ टक्के, आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. काचेचा एक तुकडा मिळाला की शेतकरी पुन्हा येत नाही.

कपड्यांचं गणित आणखी नाजूक आहे. लोकांना वाटतं, गोळा केलेले कपडे ‘गरिबांना’ जातील. त्यातले थोडेच जसेच्या तसे घालण्याजोगे असतात. बाकीच्यांतला सुती माल पुसण्याच्या चिंध्या म्हणून गॅरेज आणि कारखान्यांत किलोवर खपतो, लोकर आणि काही सुती माल धाग्याकडे जातो, आणि पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाला सगळ्यात कमी दारं आहेत. नवी मुंबई महापालिकेने बेलापूरला कपड्यांसाठी स्वतंत्र टेक्सटाइल रिकव्हरी सेंटर उभं केलं आहे. तुम्ही त्याच शहरात असाल तर नवं काही उभारण्याआधी तिथे जाऊन पाहा. ते कुठला माल घेतात, कुठला परत करतात आणि कापडाचा प्रकार कसा ओळखतात, हे बघूनच आपली यादी करा.

पाण्याच्या बाबतीत नवी मुंबईकडून क्रम शिकता येतो. ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाणी पुन्हा वापरता यावं म्हणून रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय स्तरावरचे (नेहमीच्या प्रक्रियेनंतर आणखी एकदा शुद्ध करणारे) प्रकल्प झाले, ते ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी द्यायचं हे समोर ठेवून. गिऱ्हाईक शेजारी होतं, त्याला कुठल्या दर्जाचं पाणी लागतं ते ठाऊक होतं आणि त्यानुसार यंत्रणा निवडली गेली. प्रभागाचं काम छोटं असलं तरी विचार असाच करायचा.

प्रत्येक गिऱ्हाईकाकडून लेखी संमती घ्या. त्यात सहा गोष्टी हव्यात: किती माल, कुठल्या दर्जाचा, किती दिवसांनी, कुठल्या दराने, वाहतूक कोणाची आणि नाकारलेल्या मालाचं काय. शेवटची अट सगळे विसरतात. नाकारलेला माल कोण परत नेणार हे लिहिलेलं नसेल तर तो रस्त्याकडेला पडतो आणि तुमच्या प्रकल्पाची ओळख तोच ढीग होते.

थांबा: ‘माल चांगला असेल तर घेऊ’ ही संमती नव्हे. आकडा आणि सही असेल तरच पुढचा टप्पा.

## टप्पा ४: महापालिकेची स्वतःची खरेदी बदला

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बऱ्याचदा महापालिका स्वतःच असते: फुटपाथचे पेव्हर ब्लॉक, बागांचं खत, झाडांना आणि रस्ते धुवायला टँकर, शाळांची बाकं. या खरेदीतला थोडा हिस्सा जरी पुनर्वापराच्या मालाकडे वळला तरी प्रभागातलं केंद्र, म्हणजे गोळा केलेला माल निवडून तयार करायची जागा, चालतं. पेट्यांवर होणारी धडपड इथे झाली असती तर आज चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

अडतं कुठे? कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर. तो काही वाईट हेतूने अडवत नाही. प्राकलन, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, दरसूचीवरून (ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीवरून) बनतं. दरसूचीत पुनर्वापराच्या खडीची बाब नसेल तर ती घातल्यावर लेखापरीक्षणात प्रश्न येईल अशी त्याला रास्त भीती असते. म्हणून त्याला भाषण न देता कागद द्या, आणि तेही या क्रमाने:

१. मानक दाखवा. आयएस ३८३ : २०१६ हे भारतीय मानक जुन्या काँक्रीटपासून बनवलेल्या जाड खडीला मर्यादेत परवानगी देतं: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ ग्रेडपर्यंत (एम-आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) २० टक्के, आणि एम-१५ च्या खालच्या भरणी काँक्रीटमध्ये १०० टक्के. वीट, टाइल्स मिसळलेल्या डेब्रिजच्या खडीला मात्र साध्या आणि सळईच्या काँक्रीटमध्ये जागा नाही. हा फरक अभियंत्याला आधीच सांगितलात तर त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

२. दरविश्लेषण करून घ्या. दरसूचीत बाब नसेल तर किमान तीन दरपत्रकांवरून विश्लेषण तयार करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. ही मंजुरी एकदा मिळाली की पुढच्या प्रत्येक प्राकलनात ती जोडता येते.

३. छोट्या कामापासून सुरुवात करा. बागेतली पायवाट, शाळेचं आवार, झाडाभोवतीचा कठडा. डंपर जाणाऱ्या रस्त्यावर पहिला प्रयोग नको. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ लागू होतं आणि पायी चालायच्या जागेची ग्रेड जड वाहनांच्या रस्त्यापेक्षा वेगळी असते. चुकीच्या ग्रेडचा ब्लॉक फुटला तर दोष ‘कचऱ्याच्या ब्लॉक’वर येतो.

४. प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक खेपेसोबत घ्या, एकदाच घेऊन फाइलला लावू नका.

५. निविदेच्या अटीत टक्केवारी घाला. २०१६ च्या बांधकाम-पाडकाम कचरा नियमांनी सरकारी आणि पालिकेच्या कामांत अशा मालाचा १० ते २० टक्क्यांच्या आसपास वाटा सुचवला होता. एप्रिल २०२६ पासून या विषयाचे नवे नियम लागू आहेत, त्यामुळे निविदेत नियमाचा संदर्भ लिहिताना जुना मजकूर चिकटवू नका. आणि ‘शक्यतो वापरावा’ असं कधीच लिहू नका. ‘शक्यतो’ लिहिलं की कोणी वापरत नाही.

खतासाठी याच चालीने उद्यान विभागाच्या वार्षिक ठेक्यात बदल करा. ठेकेदार बाहेरून शेणखत आणतो, त्याच बाबीत प्रभागातलं खत ठरावीक प्रमाणात घेणं बंधनकारक करा आणि दर आधीच ठरवा.

तपासणी: मंजूर प्राकलनाची किंवा निविदेची एक प्रत हातात आहे का? बैठकीतलं आश्वासन फाइलमध्ये उतरलेलं नसेल तर ते नाहीच असं समजा.

## टप्पा ५: जागा

रिकामा प्लॉट दिसला की लोक खूश होतात. आधी मालकी पाहा. नवी मुंबईत महापालिकेच्या हद्दीतली बरीच जमीन सिडकोची असते, औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा असतो. हस्तांतर झालेलं नसेल तर त्यावर पालिकेचा एक रुपयाही खर्च होऊ शकत नाही. ठाण्यात वनजमीन आणि खाजणाची जमीन यांचा घोळ असतो. खाडीजवळ असाल तर कांदळवनापासूनचं ५० मीटरचं अंतर सोडलंच पाहिजे, उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल तसं सांगतो. ठाणे खाडीचा काही भाग तर फ्लेमिंगो अभयारण्य आणि रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तिथे एक ट्रॉली माल ठेवण्याचाही विचार नको.

जागेवर छप्पर, पक्की जमीन, निचऱ्याचं पाणी मलनिःसारण वाहिनीत नेणारा नाला, थ्री-फेज वीज आणि गाडी वळायला जागा हवी. काम करणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. ते नकाशात नसेल तर नकाशा परत पाठवा.

## टप्पा ६: कचरावेचक आणि भंगारवाले

आपण येण्याआधीपासून हे शहर त्यांनीच फिरतं ठेवलं आहे. पुठ्ठा, लोखंड, बाटल्या यांची साखळी त्यांच्या हातात आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. जे चालतंय ते हिसकावून नव्या ठेकेदाराला देणं हा अन्याय आहे, आणि व्यवहार म्हणूनही चूक आहे. माल लपून बाहेर जायला लागतो आणि केंद्रात फक्त न विकला जाणारा उरतो.

म्हणून निविदा निघण्याआधी त्यांची बैठक घ्या. विभागातल्या कचरावेचकांची नोंदणी करा, ओळखपत्रं द्या, केंद्रातल्या निवडीचं काम त्यांच्या गटाला द्या. आमच्या भागात स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांचे गट बांधले आहेत. असा गट जवळ असेल तर नव्याने सुरुवात करायची गरज नाही. मजुरी रोज किंवा आठवड्याला मिळेल अशी सोय ठेवा. महिन्याच्या शेवटी बिल, मग लेखा विभाग, मग पंचेचाळीस दिवस, असं हातावर पोट असलेल्या बाईला परवडत नाही. ती दुसऱ्या आठवड्यात निघून जाते आणि आपण म्हणतो, ‘लोक टिकत नाहीत.’

## टप्पा ७: ठेका कशाचा द्यायचा

पैसे कशाचे देता यावर ठेकेदार काय करेल ते ठरतं. ‘उचललेल्या प्रत्येक टनाला इतके रुपये’ असा दर ठेवला की जास्त टन उचलणं त्याच्या फायद्याचं होतं. कचरा कमी व्हावा असं त्याला का वाटावं? पावसाळ्यात तर भिजलेल्या कचऱ्यातल्या पाण्याचेही पैसे पालिका देते. वजन वाढवायला त्यात माती-डेब्रिज मिसळलं जाण्याची भीती असतेच.

त्याऐवजी दराचे तीन भाग करा. पहिला भाग केंद्र चालवण्याचा ठरावीक मासिक खर्च. दुसरा, बाहेर गेलेल्या तयार मालाच्या टनावर, आणि तो गिऱ्हाईकाच्या सही-शिक्क्याच्या पावतीवरच. तिसरा भाग वजावटीचा: ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल क्षेपणभूमीकडे गेला तर प्रत्येक टनाला कपात. ही मर्यादा अंदाजाने लिहू नका, टप्पा २ मधल्या निवडीतून आलेला ‘न विकला जाणारा’ आकडा घ्या आणि त्यावर थोडी सूट द्या. मर्यादा अशक्य ठेवली तर चांगला ठेकेदार येणारच नाही, आणि येईल तो कागद रंगवेल.

मुदतीचंही तसंच. अकरा महिन्यांच्या ठेक्यावर कोणी चांगलं यंत्र विकत घेत नाही. यंत्र पालिकेचं आणि चालवणं ठेकेदाराचं असेल तर देखभालीचा करार, सुटे भाग आणि बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती, हे सगळं निविदेतच हवं. बंद श्रेडरभोवती (शहाळ्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्राभोवती) शहाळ्यांचा डोंगर आणि त्यात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या हे दृश्य मी पाहिलं आहे. ‘किती दिवस बंद चालेल’ एवढी एक ओळ करारात नव्हती.

थांबा: निविदापूर्व बैठकीत भंगार व्यापारी, रोपवाटिकावाले, ब्लॉक बनवणारे आले का? फक्त सफाई ठेकेदारच आले असतील तर तुमची जाहिरात चुकीच्या लोकांपर्यंत पोहोचली आहे. मुदत वाढवा.

## टप्पा ८: आता पेटी

इथे पोहोचायला पाच-सहा महिने लागतात. लोकांना सांगायची वेळ आता आली.

सोसायटीला एकच पान द्या: काय घेतो, काय घेत नाही, कुठल्या वारी, किती वाजता. त्या पानावर जनजागृतीचे उतारे नकोत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत. जुनी दोन डब्यांची पत्रकं शिल्लक असतील तर ती वाटू नका. रोज १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांवर आणि हॉटेलांवर नियमाने वेगळी जबाबदारी आहे, त्यांच्याकडे विनंतीपत्र न नेता नोटीस आणि तांत्रिक मदत दोन्ही एकत्र घेऊन जा.

कपड्यांची पेटी उघड्यावर ठेवू नका. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका पट्ट्यात आम्ही बारा सोसायट्यांत पेट्या ठेवल्या होत्या. जुलैच्या पहिल्या पावसात पाणी आत गेलं, चार दिवसांत बुरशी धरली आणि एका ओल्या चादरीने अख्खी पेटी खराब केली. लोकांनी धुऊन, घडी करून दिलेले कपडे होते ते. आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझं म्हणणं एकच: कपडे पेटीत नकोत, ठरलेल्या रविवारी गाडीत घ्या, आणि जून ते सप्टेंबर गोळा करणं बंद ठेवा.

ओल्या कचऱ्यात गाडीची वेळ महत्त्वाची. घंटागाडी कामवाल्या मावशी येण्याआधी निघून गेली तर घरातला कचरा दुसऱ्या दिवशी शिळा होऊन येतो. वेळ बदलायची असेल तर मुकादमाशी बोला, मार्गाची खरी अडचण त्यालाच ठाऊक असते.

आणि गाडीत वेगवेगळे कप्पे आहेत का, ते स्वतः बघा. घरात वेगळा केलेला कचरा समोर एकाच गाडीत ओतताना लोकांनी एकदा पाहिलं की त्यांना पुन्हा समजावणं फार अवघड जातं.

## टप्पा ९: पहिले ९० दिवस

रोज चार आकडे लिहा: आत आलेला माल, नाकारलेला, तयार झालेला, बाहेर गेलेला. पाचवा आकडा आपोआप निघतो: केंद्रात साठलेला. हा साठा सलग तीन आठवडे वाढत असेल तर गोळा करणं कमी करा. नवी सोसायटी जोडायची घाई नको.

खताच्या ढिगात रोज हात घालून पाहा. मूठभर माल दाबला की बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. पाणी गळलं तर भुसा किंवा सुका पाला मिसळा, चुरा झाला तर पाणी शिंपडा. ढीग आतून ५५ अंशांच्या पुढे काही दिवस तापलाच पाहिजे, त्याशिवाय रोगजंतू आणि तणाचं बी मरत नाही. कुजका वास आला तर हवा कमी आहे, ढीग उलटा. अमोनियाचा झणझणीत वास असेल तर सुका माल वाढवा.

तक्रार आली की त्याच दिवशी तिथे जा, आणि जाताना वही घेऊन जा.

दर पंधरा दिवसांनी नाकारलेला माल पुन्हा निवडून तोला. त्यात एकच वस्तू सारखी येत असेल, समजा मिठाईचे चकचकीत बॉक्स किंवा थर्माकोल, तर ती कुठल्या दुकानातून येते ते शोधा आणि त्या दुकानदाराशी बोला. केंद्रात रोज शंभर बॉक्स निवडत बसण्यापेक्षा एका मिठाईवाल्याला साध्या पुठ्ठ्याकडे वळवणं सोपं पडतं.

नव्वदाव्या दिवशी गिऱ्हाईकांना केंद्रावर बोलवा. पावत्या, प्रयोगशाळेचे अहवाल आणि साठ्याची वही टेबलावर ठेवा. ते पुढच्या वर्षाच्या संमतीवर सही करतील तर शेजारचा विभाग किंवा दुसरा प्रवाह घ्या, आणि टप्पा २ पासून सगळं पुन्हा करा. आधीच्या विभागाचे आकडे तिथे चालणार नाहीत. सही करणार नसतील तर कारण लिहून घ्या, दर्जा की दर की वेळ, आणि ते दुरुस्त होईपर्यंत नवी पेटी मागवू नका.